एका बरणीतली दोन कुळं

सन्माननीय अध्यक्ष रखमाजीअण्णा, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, आणि मागच्या रांगेत चहाची वाट पाहत बसलेल्या विद्यार्थ्यांनो,

अठ्ठावीस वर्षं जुन्नरच्या या कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवून आज मी निवृत्त होते आहे. "बाईंनी संशोधन केलं," असं आत्ताच सगळे म्हणाले. केलं खरं. दर दिवाळीच्या सुट्टीत एसटीने अलिबाग गाठायचं, समुद्रात तरंगणारे तिळाहून लहान जीव बारीक जाळीत धरायचे आणि फॉर्मेलीनच्या बरण्यांतून इथं आणायचे. पण त्यांच्याबद्दल बोलायचं कुणाशी? एकच माणूस होता. प्रयोगशाळेतले शिपाई, आपले गेणभाऊ.

गेणभाऊ पारगावचे. पंचक्रोशीतल्या सोयरिकी जुळवायचे, त्यामुळे कूळ पाहायची सवय. चौऱ्याण्णव साली एकदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून म्हणाले, "बाई, ही दोन एका घरची न्हाईत. शेवटच्या पायाचा काटा बघा. तोंडावळा सारका हाय, पन कूळ येगळं."

मी हसले. आणि हसले ते वर्गातल्या मुलांसमोर. पुस्तक उघडून दाखवलं, "एकच जात आहे, गेणभाऊ." त्यांनी सगळ्या बरण्यांवर एकाच नावाच्या चिठ्ठ्या डकवल्या. पुन्हा कधी सूक्ष्मदर्शकापाशी आले नाहीत. पुढची बारा वर्षं, ते निवृत्त होईपर्यंत, ते असूनही त्या खोलीत मी एकटीच होते.

गेल्या वर्षी बाजारपेठेतल्या इब्राहिमभाईंची रुबिना, माझी विद्यार्थिनी, गोव्याहून आली. डीएनएवरून ती याच जीवांची नाती तपासते. मी हौसेने बरण्या पुढे केल्या. फॉर्मेलीनने आतला डीएनए पार नासला होता. मग तिने अलिबागहून ताजे जीव आणून स्पिरिटमध्ये ठेवले. मी तिला सहज गेणभाऊंचा तो काटा सांगितला. तिने त्यावरून दोन गट केले.

मंगळवारी तिचं पत्र आलं. जाती खरंच दोन आहेत. शिवाय त्यातल्या एकीचं जवळचं नातं तिसऱ्याच, दिसायला अगदी निराळ्या जातीशी निघालं.

गेणभाऊ त्याआधीच, फाल्गुनात वारले. पत्र घेऊन मी दिवसभर प्रयोगशाळेत बसून होते. फार एकटं वाटलं. सांगणार कुणाला? म्हणून आज तुम्हाला सांगितलं.

आपण शाल दिलीत, ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर आपण पदरात घ्याल. गेणभाऊंकडे तेवढं मागायचं माझं राहून गेलं.