गरम गादी

रूममध्ये दुसरा पार्टनर का घेत नाहीस, म्हणून तुम्ही सारखं विचारता ना? ऐका मग.

कोरोनाच्या दिवसांत कुरुळीला मी आणि अंकुशभाऊ एका खोलीत राहायचो. कॉट एकच होती. मी डे शिफ्टला, तो नाइटला. मी उठलो की तो येऊन त्याच कॉटवर झोपायचा.

ऐन थंडीत मला ताप भरला. शेजारचे म्हणाले, "राव, टेस्ट करून घे." मी उखडलोच. "अंग माझं, ताप माझा. तुम्हाला काय करायचंय?" पॉझिटिव्ह निघालो असतो तर चौदा दिवस कोंडून घातलं असतं.

सकाळी तापाची गोळी घेतली आणि निघालो, तेवढ्यात अंकुशभाऊ आला. आडवा होत म्हणाला, "गादी लई गरम हाय की आज!"

"आत्ताच उठलोय ना."

"बरं झालं भावा, पार गारठलो होतो." माझीच गोधडी त्यानं तोंडावरून ओढून घेतली.

कंपनीच्या गेटवर मी कपाळाला गार पाणी लावलं. वॉचमननं मशीन धरली. "नॉर्मल. जावा." लढाई जिंकल्यासारखा आत गेलो.

आठवड्यानं अंकुशभाऊला न्यायला ॲम्ब्युलन्स आली. त्याला धाप लागली होती, तरी मला म्हणाला, "भावा, तू टेस्ट करून घे. माझ्यामुळं तुला काय व्हायला नको."

तो परत आला नाही.

आता कॉट चोवीस तास माझी एकट्याची आहे. मी खाली फरशीवर झोपतो.