मेणाने बंद केलेलं काडतूस

ऐका. कंदील जरा बारीक करा, आणि दाराकडे पाठ करून कुणी बसू नका. ही आपल्या वाडीतल्या नारू घाडीची गोष्ट. व्हाळाकडच्या वाटेची.

नारूच्या थोरल्या भावाला, जयरामला, त्या वाटेवर डुकराने फाडलं. बंदूक हातात होती हो! पण बार उडालाच नाही, नुसता फुसकला. काडतूस नारूने घरी भरलेलं. जुनीच खोळ, तिसऱ्यांदा भरलेली. तिचं तोंड झिजून गेलेलं, दुमडलं तरी पुन्हा उघडायचं. नारूने वरून मेण ओतलं आणि म्हणाला, चालेल.

चाललं नाही.

नारू रडला नाही. जेवायचा, झोपायचा, विचारलं तर हूं म्हणायचा. वहिनी त्याला एका शब्दाने बोलली नाही. तेही त्याला जाणवलं नाही.

वर्ष गेलं. भात पिकलं, डुकरं उतरली. वहिनीने बजावलं, शेतावर राखणीला उजेड आहे तोवर जा, आणि प्रत्येक काडतूस कानाशी हलवून बघ. आत छर्रे वाजले तर ते कच्चं. नारू म्हणाला, हूं. हलवलं नाही. अंधार पडल्यावर मेण लावलेली पाच काडतुसं पिशवीत टाकली आणि निघाला.

व्हाळाचं पाणी ओलांडलं नि पिशवीत खुळखुळ झाली. तो थांबला, तीही थांबली. चालला, की पुन्हा खुळखुळ. मग टप. टप. मागे पाचोळ्यावर छर्रे पडत होते. पिशवीला भोक नव्हतं बरं! हात घातला तर दोन काडतुसांचं मेण नखाने खरवडल्यासारखं निघालेलं. आणि मागून कुणीतरी छर्रे वेचत होतं. वाकायचं, वेचायचं, दोन पावलं पुढे यायचं.

नारूला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. असेल कुणी, म्हणाला, आणि चालत राहिला. ऐकताय ना?

बांधावर पोचला तर समोर डुक्कर. बैलाएवढं. त्याला डोळे नव्हते. नारूने पिशवीतलं एक काडतूस घातलं, घोडा ओढला. फुस्.

डुक्कर जागचं हललं नाही. आणि अगदी कानाशी जयरामचा आवाज आला.

"नारबा, दुसरं घाल."

नारबा त्याला एकटा जयराम म्हणायचा. नारूने बंदूक उघडली, खोळ काढली, दुसरं काडतूस हातात घेतलं.

"नळीत बघत बसू नकोस. घाल लवकर."

इथे नारूचा हात थांबला. बार फुसकला की आधी नळीतून उजेड बघायचा, मगच दुसरं भरायचं, हे जयरामनेच शिकवलेलं. एकदा विसरला म्हणून कानफटातही दिली होती.

नारूने नळी चंद्राकडे धरली. चंद्र दिसला नाही. काडतुसातली पुठ्ठ्याची चकती आत अडकून बसली होती. दुसरा बार काढला असता, तर नळी त्याच्याच तोंडावर फुटली असती!

"तू माझा दादा नव्हेस," नारू म्हणाला. बंदूक बांधावर ठेवली आणि घराकडे वळला. मागून मूठभर छर्रे पाठीवर येऊन बसले. पुन्हा बसले. त्याने मागे पाहिलं नाही.

वहिनी ओटीवर बसली होती. उरलेली काडतुसं त्याने तिच्यापुढे ठेवली.

"मी हलवून बघितली नव्हती," तो म्हणाला. "तेव्हाही नव्हती बघितली."

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाली. "हात धू. जेव."

तो हात धुवायला वाकला, आणि त्याला रडू फुटलं. वर्षाने. तांब्या धरवेना. शेवटी वहिनीने त्याच्या हातांवर पाणी घातलं.

सकाळी माणसं बंदूक आणायला गेली. वाटेवर छर्रा एकही नव्हता. जयराम पडला होता तिथे मात्र छर्र्यांची एवढीशी रास होती, मुलं खेळताना लावतात तशी.

म्हणून सांगते, अंधार पडल्यावर त्या वाटेला जायचं नाही. ओळखीचा आवाज आला तरी नाही. आणि आता दाराची कडी लावा.