अज्ञात गायिका

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा हं! दारात गोड्या पाण्याची विहीर आहे, म्हणून घरधन्याची तहान भागली असं म्हणायचं का? नुसत्या माना हलवू नका — ऐका!

मिरजेत त्रिविक्रमपंत आवटी नावाचे ग्रंथपाल होते. जन्मभर पुस्तकांना नंबर लावले! निवृत्त झाले, आता नंबर कुणाला लावणार? बायको लावून घेईना! मग लेकीनं संगणकावर गाण्यांचं सॉफ्टवेअर घालून दिलं. म्हणाली, "बाबा, गाणी विकत घ्या, गाणी लावा!" लावा म्हणजे वाजवा हो! पंतांना वाटलं, कपाटात लावा!

एकवीस हजार गाणी यादीत लावली! राग वेगळा, ताल वेगळा, प्रहर वेगळा! गाणं सुरू झालं की, "हं, यमन!" — बंद! पुढचं! पेटीवाले, तुम्ही हसू नका, तुमचा मोबाइल पाहिलाय मी!

पत्नी द्वारकाबाई म्हणायच्या, "अहो, जेवताना एखादं लावा ना."

"यादी पुरी होऊ दे गं!" दोन वर्षं हेच!

एकदा मेहुण्यानं, अच्युतनं, जुन्या टेपांवरची गाणी पाठवली. 'भावोजी, नीट ऐका' असं बजावून! पंतांनी ऐकली? छे! एकावर नाव नव्हतं. पंतांनी लिहिलं — राग भीमपलास, गायिका अज्ञात. झालं!

आणि एका दुपारी गंमत! पंतांचं बोट घसरलं, नेमकं तेच गाणं सुरू झालं. बंद करायला जातात — तर संगणक अडकला! काही केल्या थांबेना! पंतांना जन्मात पहिल्यांदा अख्खं गाणं ऐकावं लागलं, मंडळी!

कोवळा, पण काय धीट आवाज! समेवर आली ती अशी — अश्शी! पंत ताडकन उठले. "अगं, ये इकडे! काय गळा आहे! कोण असेल गं ही?"

द्वारकाबाई दारात. हाताला कणीक. "मी."

"काय?"

"मीच ती. एकोणीस वर्षांची. सांगलीच्या स्पर्धेत गायले होते."

"मग कधी बोलली नाहीस ती?"

"लग्नानंतर दोनदा सांगितलं. तुम्ही 'वा वा' म्हणालात आणि पेपर उघडलात."

पंतांनी यादीतली ती ओळ पाहिली. चाळीस वर्षं जिच्या हातचं जेवलो, तिलाच आपण 'अज्ञात' लिहिलं! डोळे भरून आले. "द्वारके… आता गाशील?"

"आता? पोळी करपतेय!"

"करपू दे!" पंतांनी गॅस बंद केला — तोही जन्मात पहिल्यांदा!

बाई गायल्या. वरच्या सुरावर आवाज फाटला, तशा खुदकन हसल्या. पंत ठेका धरायला गेले, तर, "अहो, सम तिथं नाही!" दोघांची हसून पुरेवाट! त्या दिवशी जेवायला साडेतीन वाजले, मंडळी!

आता तुम्ही घरी जाल. घरात कुणीतरी भाकरी थापताना गुणगुणत असेल, कुणी सायकल पुसताना. विचारा, "काय म्हणत होतीस गं?" ती लाजेल. म्हणेल, "काही नाही!" त्या 'काही नाही'वर विश्वास ठेवून निघून जाऊ नका, बाबांनो! तिथंच बसा. पुन्हा विचारा!