मोकिचीचा आवाज

— नाही नाही, गादीवर बैस, चिहोरी. आणि मिठाईचा डबा कशाला आणलास? रीत म्हणून? नव्या मोकिचीनं जुन्या मोकिचीला भेटून जायचं, अशी रीत काढलीय का आता त्या आसागायाच्या कार्टूनवाल्या स्टुडिओनं? असू दे. माझ्या आधी कुणी नव्हतंच, मला कुणाकडे जावं लागलं नाही. मासिकात मोकिचीची चित्रकथा छापून यायला लागली, मग टीव्हीवर पहिली मालिका निघाली, मग दुसरी — तीसेक वर्षं त्या पोराच्या तोंडून मीच बोलले. चित्रकाराचे केस पिकले, माझे पिकले, पोरगं आपलं दहा वर्षांचंच, भुतांच्या मागे पळतंय. आता तिसरी मालिका, नवी चित्रं, नवी तू. मला राग? छे गं! चहा घे, निवतोय.

आवाज कुठून लावतेस? काढून दाखव बघू — ते त्याचं "घाबरू नका, मी आहे ना!" — लाजतेस काय, काढ. ...हं. ...पुरे. पुरे म्हटलं ना! — नाही गं, छान आहे. फारच छान आहे, तेच तर.

मी काम का सोडलं, काय सांगतात तुला? वय झालं? वय कसलं! आवाज तसाच आहे, ऐकतेयस की. हाच, मोकिचीचा. हा एकच उरलाय. तुला वाटलं, दारात मी त्याच्या आवाजात बोलले ती तुझी गंमत करत होते? नाही पोरी. पूर्वी घरी पोचेपर्यंत माझा आवाज परत यायचा. मग जेवण होईपर्यंत वाट बघावी लागायची. मग सुट्टीच्या दिवशीच यायचा — आणि कधी यायचा थांबला, ते माझं मलाच कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही. शिगेओ, आमचे हे, हसायचे — म्हणायचे, घरात मूल नव्हतं, तेवढी उणीव भरून निघाली.

मागच्या हिवाळ्यात गेले ते. शेवटी शेवटी दिसत नव्हतं त्यांना. मी उशाशी, हात धरून — म्हटलं, "घाबरू नका, मी आहे ना." दुसरं काय म्हणणार? कुठलीही बायको हेच म्हणेल. तर ते नर्सला म्हणाले, "बाई, तो टीव्ही बंद करा. आणि आमच्या फुसाएला बोलवा." अहो, मीच, मीच फुसाए! — जितकं बोलावं तितके ते बिथरायचे. "त्या कार्ट्याला बाहेर काढा!" शेवटी नर्सनं मला खुणेनंच बाहेर जायला सांगितलं. मी दाराबाहेर उभी. आत ते हाका मारतायत, फुसाए, फुसाए — आणि मला ओ देता येईना गं. ओ दिली असती तर आणखी घाबरले असते.

रडू नकोस. तुझं नाही व्हायचं तसं. तू तरुण, घरात लेक आहे तुझ्या — केवढी? तीन वर्षांची? अंगाई म्हणतेस ना तिला? ...काय म्हणालीस? मोकिचीच्या आवाजात? — ती मागते म्हणून? ...रोज?

बरं, तुझ्या आवाजात म्हणून दाखव. आत्ता, इथे. एकच ओळ. — म्हण ना.

...म्हण.

...

हाही मोकिचीच! ऊठ. चहा राहू दे. चपला घाल आणि जा घरी. जा म्हणते ना!