बंगाली कीर्तनाचा प्रसाद

कर्जतच्या टांगाअड्ड्यावर कवी त्र्यंबकराव खालापूरच्या टांग्याची वाट बघत बसले होते. बंगाली काव्यावरच्या कालच्या आपल्या व्याख्यानाबद्दल कुणी एखादा शब्द काढतंय का, म्हणून त्यांनी कान टवकारले होते. पगडी पेटीत होती, त्यामुळे बाकावरच्या दोघांनी त्यांना ओळखलं नाही.

“भावजी, काल शाळेत कीर्तनाला गेलता ना तुमी?”

“गेलतो वैनी. बुवानं बंगाली कविता म्हटल्या. एक अक्षर कळलं नाय, पन डोळं भरून आलं बगा.”

“मंग?”

“मंग त्यो मराठीत अर्थ सांगाया लागला. तवा तर कायच कळंना.”

“आन् गोष्ट?”

“आता सांगंल, मंग सांगंल म्हनून बसून ऱ्हायलो. गोष्ट नाय, आरती नाय, परसाद बी नाय!”

“आज खालापुरात हाय म्हनं.”

“जानार ना! कविता ऐकतो, अर्थ सुरू झाला का भाईर बिडी वढतो, परसादाला आत येतो.”

त्र्यंबकराव उठून समोरच्या वाण्याकडे गेले.

“दोन शेर फुटाणे द्या. लहान लहान पुड्या बांधा.”

“येवढ्या पुड्यांना कागद नाय, रावसाहेब.”

त्र्यंबकरावांनी पेटी उघडली, कवितांची वही बाजूला ठेवली आणि अर्थाची चाळीस पानं वाण्यापुढे केली.