धाकटीच्या अर्जातलं दुसरं वाक्य

ताई : ‘मॅच विथ’ नाही गं, नुसतं ‘मॅच’. ऐक. ‘माझं रक्त आणि टिश्यू माझ्या भावाशी मॅच होतात.’ झालं पहिलं वाक्य.

धाकटी : तू इंग्रजीची बाई, तुझ्याशी कोण वाद घालणार! पण काल ‘करस्पाँड’ लिहिलं होतंस ना?

ताई : काल ते भारदस्त वाटलं. मग म्हटलं, हॉस्पिटलची कमिटी तुला समोर बसवून विचारणार. तुझ्या तोंडी शोभेल असाच शब्द हवा.

धाकटी : मग ‘टॅली’ लिही की. दुकान बंद करताना गल्ला टॅली झाला की मी सुटते.

ताई : दादाची किडनी म्हणजे काय गल्ला आहे?

धाकटी : दादाची कुठली? माझी.

ताई : बरं बाई, तुझी. ‘टॅली’ हिशेबाला, ‘मॅच’ रक्ताला.

धाकटी : आणि रंगाला. लोक भिंतीचा पोपडा कागदात गुंडाळून आणतात, मी शेड मॅच करून डबा हातात देते.

ताई : मग तर तुझ्या रोजच्या वापरातलं क्रियापद! आता दुसरं वाक्य. इथे ‘ॲग्री’ येणार. ‘माझी एक किडनी द्यायला मी ॲग्री करते.’ आणि खाली तुझी सही.

धाकटी : तिथेही ‘मॅच’च घाल.

ताई : वेडी की काय! रक्त मॅच होतं, माणूस ॲग्री होतो. रक्ताला काय कळतं?

धाकटी : मग ते वाक्य आत्ता नको ठेवूस.

ताई : का?

धाकटी : मला अजून कुणी विचारलंच नाहीये.

ताई : असं काय बोलतेस? रिपोर्ट आला त्या दिवशी घरभर…

धाकटी : घरभर आनंदीआनंद! आई रडली, वहिनीने मिठी मारली, तू फोनवर ‘देव पावला’ म्हणालीस. काका म्हणाले, पोरीने नाव काढलं. मी अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. त्या पोपड्याला मी कधी विचारते का, की बाबा रे, चालेल ना तुला? शेड जुळली, विषय संपला.

ताई : म्हणजे तू देणार नाहीस?

धाकटी : हे बघ, लगेच!

ताई : तसं नाही गं. आईला साखर, माझं रक्त वेगळं, वहिनीचं जुळलं नाही. राहिलीस तू. आम्ही धरूनच चाललो.

धाकटी : मला भीती वाटते, ताई. पोट फाडणार माझं. अजून मूलबाळ व्हायचंय. नवराही धास्तावलाय, पण विषय निघाला की दुसरंच बोलतो. आणि दादाला काही व्हावं असं मला क्षणभरही वाटत नाही. हे सगळं एकदमच वाटतं.

ताई : मला का नाही बोललीस?

धाकटी : सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला. त्यात मी ‘जरा थांबा’ म्हटलं असतं, तर जन्माची वैरीण झाले असते.

ताई : खोडलं. हे बघ, दुसरं वाक्य खोडून टाकलं.

(आतलं दार उघडतं. दादा भिंतीचा आधार घेत येतो.)

दादा : पाणी हवं होतं. अर्धाच पेला, डॉक्टरांचं माप आहे.

ताई : दादा, तू ऐकलंस सगळं?

दादा : भिंतीला कान असतात म्हणे. मी तर तिला टेकूनच पडलेला असतो.

धाकटी : दादा, मी…

दादा : थांब. मीच विचारायला हवं होतं. रोज ठरवायचो आणि रोज टाळायचो. तू नाही म्हणशील ही भीती होतीच. पण माझं हे सुकलेलं तोंड बघून हो म्हणशील, याची जास्त वाटायची.

धाकटी : मग आता विचार.

दादा : आत्ता?

धाकटी : आत्ता. ताई, तू पेन खाली ठेव.

दादा : तुझी एक किडनी मला देशील का? नाही म्हणालीस तरी माझी धाकटीच राहशील. डायलिसिसचं मशीन आहे, चाललंय माझं.

धाकटी : चाललंय कसलं! भिंत धरून चालतोस.

दादा : उत्तर दे.

धाकटी : आज नाही देणार. आधी नवऱ्याशी बोलते. त्यालाही कुणी विचारलेलं नाही. रविवारी सांगते.

ताई : पण कमिटीला अर्ज…

दादा : कमिटी थांबेल. आणि रविवारी ‘नाही’ असलं तरी जेवायला ये.

धाकटी : आणि ‘हो’ असलं तर?

दादा : तर मला रडू येईल. तेव्हा जेवण झाल्यावर सांग.