तात्पुरतं

मिस्त्री : शी! शी शी शी! अप्पा, हे काय हो?

अप्पा : काय झालं एवढं बोंबलायला?

मिस्त्री : पत्रा उचलला तर खाली पत्रा!

अप्पा : मग? छपरात पत्रा नाही तर काय असणार, मखमल?

मिस्त्री : अहो, पत्र्याखाली आणखी पत्रा! आणि मधे... थांबा, आधी रुमाल बांधू द्या तोंडाला. मधे नुसती लेंडी. वटवाघळांची. गादी घातल्यासारखी पसरलीय.

छोट्या : मिस्त्री, नाचू नका वर, शिडी सरकतीय. मी खाली धरून उभाय.

मिस्त्री : छोट्याभाऊ, तुम्ही मला काय सांगितलं होतंत? एक पत्रा काढायचा, एक चढवायचा, संध्याकाळच्या आत मोकळे. हे असलं काही सांगितलं होतंत?

छोट्या : मला तरी कुठे माहीत होतं? मी काय वर राहायला होतो?

अप्पा : बरोबर सांगितलंय त्याने. वरचा काढ, नवा ठोक. खालच्याला हात लावू नकोस. खालचा चांगलाय.

मिस्त्री : चांगला? बोट लावलं तर बोट आरपार गेलं.

अप्पा : बोट घालायला कुणी सांगितलं होतं?

मिस्त्री : आणि तुम्ही आधी तिथून उठा. बरोबर खाली बसलाय. डोक्यात काहीतरी पडेल.

अप्पा : माझ्या छपराखालून मी उठणार नाही. कळलं? तू तुझं काम कर.

छोट्या : नका नादी लागू त्यांच्या. सकाळपासून खुर्ची टाकून बसलेत स्वयंपाकघराच्या दारात. पहारा देतायत.

मिस्त्री : कुणावर?

छोट्या : ते मलाही कळेना.

मिस्त्री : हा दुसरा पण सोडवतो. एऽऽ हलके... अगाई गं! खाली बाई आहे!

छोट्या : बाई?

मिस्त्री : फोटोतली. फ्लेक्स आहे हो. दात दाखवतीय नुसती. तोंडावर झुरळं फिरतायत, दातांवर अंडी घातलीत. शी! माझ्या स्वप्नात येणार ही.

अप्पा : दातांच्या डॉक्टरची जाहिरात आहे ती. त्याने दवाखाना बंद केला तेव्हा फुकट मिळाली. चांगली जाड आहे. आता मिळते का अशी?

छोट्या : अप्पा, किती थर आहेत?

अप्पा : मोजत बसलो होतो का मी? गळायला लागलं की एक टाकायचो वरून. तात्पुरतं.

मिस्त्री : आमच्या धंद्यात तात्पुरतं म्हणजे पुढच्या पावसापर्यंत.

अप्पा : माझंही तेच होतं.

छोट्या : कुठल्या पावसाच्या पुढच्या?

अप्पा : तू नको मधे बोलू. तुला हातात खिळा धरता येतो का? आयुष्यभर मीच चढलो वर. तुझी आई खालून बादल्या सरकवायची आणि मी वर. तेव्हा तू अंथरूण ओलं करत होतास, आणि ते छपरावर ढकलत होतास.

मिस्त्री : हा हा... थांबा. हसवू नका, तोंड उघडलं की आत जातंय काहीतरी. बायको म्हणते, तुझं नाक देवानं चुकून मिस्त्र्याला लावलं, अत्तरवाल्याचं होतं. मला मेला उंदीर तीन घरं लांबून कळतो. आणि इथे... हा बघा. उंदीर कसला, घूस आहे. वाळून चप्पल झालीय. शेपटीचा अंगठा आहे वर, घालून बघा.

छोट्या : फेका ते! माझ्यावर काय टाकता!

मिस्त्री : तुमचीच आहे. बरं, मला सांगा, याच्या बरोबर खाली काय येतं?

छोट्या : ओटा. गॅस.

मिस्त्री : ही फट सरळ खाली गेलीय. हे काळं काळं सगळं झिरपतंय तिथून.

छोट्या : काळं म्हणजे? बारीक? कण?

मिस्त्री : हो. चहा पावडरीसारखे.

छोट्या : अप्पा.

अप्पा : काय?

छोट्या : चहात रोज काळं यायचं.

अप्पा : पावडर असायची ती. सूनबाईला गाळता येत नाही. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय.

छोट्या : तीन गाळण्या बदलल्या तिने! शेवटी फडक्यातून गाळायला लागली. तरी यायचं. आणि तुम्ही पाहुण्यांसमोर म्हणायचात, आमच्याकडे चहा चावून प्यावा लागतो.

मिस्त्री : ओ... ओ छोट्याभाऊ.

छोट्या : काय?

मिस्त्री : मी सकाळी तुमच्याकडे दोन कप प्यायलो.

(वरून ओकारीचा आवाज. शिडी हलते.)

छोट्या : मिस्त्री! इकडे नका! पलीकडे तोंड करा!

मिस्त्री : ...झालं. झालं. पाणी द्या. नको! तुमच्या घरातलं नको. माझ्या पिशवीत बाटली आहे, ती वर टाका.

अप्पा : कसला नाजूक मिस्त्री आणलास! याच्यापेक्षा मी चढलो असतो.

छोट्या : तुम्ही चढला होतात म्हणूनच आज हे निघतंय. अप्पा, ती अळी आठवते? बाळाच्या मुठीत सापडलेली?

अप्पा : झालं सुरू.

छोट्या : मूठ तोंडाकडे चालली होती त्याची. हिने बोटं उघडून काढली. पांढरी, वळवळणारी. पाळण्यात अजून दोन. तुम्ही काय म्हणालात तिला?

अप्पा : झाडत नाही म्हणालो. घरात केरसुणी फिरली की कशाला होतायत अळ्या?

छोट्या : आणि मी मान डोलावली. "अप्पा म्हणतात ते काही अगदीच खोटं नाही." असं म्हणालो मी. तेवढ्यावर गेली ती माहेरी. बाळाला घेऊन.

अप्पा : येतेय ना आज?

छोट्या : संध्याकाळी. भावाचा टेम्पो घेऊन येतेय. छप्पर झालं असेल तर राहते म्हणाली, नाहीतर शिलाई मशीन टेम्पोत टाकते आणि जाते. मशीन गेलं की ती परत येत नाही, एवढं मला कळतं.

अप्पा : मग झालं तर! माझं ऐक. आत्ता जे दिसतंय तेवढं झाडून घ्या आणि वर नवे पत्रे ठोका. निळे आणलेत ना? दुपारपर्यंत चकचकीत. खालून कोण बघतंय? ती येईल, बघेल, खूश होईल. पोरगं घरात येईल. बाकीचं पुढे बघू, सावकाश.

मिस्त्री : छोट्याभाऊ? काय करू? सगळं उपसायचं म्हटलं तर आज नवं चढत नाही, आधीच सांगतो. वासेही बदलावे लागतील. आज रात्री घर उघडं.

छोट्या : आणि वरून ठोकलं तर?

मिस्त्री : वरून ठोकलं तर संध्याकाळी माझे हात धुऊन मी घरी. पण मग हे आत राहणार. मी तर तुमच्याकडे पुन्हा पाणी पिणार नाही.

अप्पा : तुला कोण बोलावतंय!

छोट्या : मिस्त्री... ठोका.

मिस्त्री : ठोकू?

छोट्या : आज ठोका. ती आली की मग पुढच्या महिन्यात नीट... म्हणजे सध्या... तात्पुरतं.

अप्पा : शाब्बास. माझा मुलगा शोभतोस.

छोट्या : काही बोलू नका तुम्ही.

मिस्त्री : बरं. मालक म्हणतील तसं. मग खोलीच्या वरची ही दुसरी फट बुजवतो. हिच्यात काहीतरी कोंबलंय, चिंध्या आहेत वाटतं, ते ओढून काढतो आणि सिमेंट भरतो.

अप्पा : ते राहू दे.

मिस्त्री : अहो सडलंय ते. ओलं आहे. ओल वाशाला लागलीय.

अप्पा : राहू दे म्हटलं ना! ते तसंच असू दे!

मिस्त्री : निघालं पण. ...ईईई! पिल्लं! उंदराची पिल्लं आहेत आत! गुलाबी! जिवंत! देवा रे, हातात घेतलं मी!

छोट्या : खाली टाका, खाली टाका!

मिस्त्री : लोकर आहे. पांघरूण असावं. लाल की काय होतं कधीतरी. कुणी एवढं विणलेलं छपरात कोंबतं का? कोपऱ्यात मासा पण काढलाय.

छोट्या : काय काढलाय?

मिस्त्री : मासा. पांढरा.

छोट्या : मासा नाही तो. बदक आहे.

मिस्त्री : मासाच आहे हो, दिसतोय की.

छोट्या : बदक काढायला गेली आणि मासा झाला. आई सांगायची. मी पोटात होतो तेव्हा विणलं होतं तिनं. "बदक काढायला गेले, मासा झाला, आणि तो मासाही तुझ्या मावशीनं उचलून नेला." हजारदा ऐकलंय मी. अप्पा?

अप्पा : ऊन वाढलंय.

छोट्या : अप्पा, मावशीनं नेलं होतं ना ते?

अप्पा : धो धो कोसळत होतं त्या रात्री. तू आठ दिवसांचा. धार बरोबर तुमच्या दोघांच्या अंगावर. मी काय करणार होतो? हाताला लागलं ते घेतलं आणि वर चढून कोंबलं. सकाळी काढणार होतो.

छोट्या : मग?

अप्पा : सकाळी तुझी आई शोधायला लागली. मी सांगणार, तेवढ्यात तीच म्हणाली, ताईनं नेलं असेल, तिची नजर होती त्याच्यावर. ताई पहाटेच्या गाडीनं गेली होती.

छोट्या : आणि तुम्ही?

अप्पा : मी म्हटलं, असेल.

छोट्या : असेल?

अप्पा : बाळंतीण बाई, चिडलेली. म्हटलं दोन दिवस जाऊ देत, शांत झाली की सांगू. तोवर तिनं फोन करून बहिणीला चोर म्हणून झालं होतं. मग काय सांगायचं?

छोट्या : मावशी आई गेली तेव्हाही आली नाही. आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, अप्पा. आणि ते बरोबर तिच्या डोक्यावर होतं.

अप्पा : ओरडू नकोस. शेजारी ऐकतायत.

छोट्या : शी.

अप्पा : काय म्हणालास?

छोट्या : शी म्हणालो. मिस्त्र्याला सकाळपासून म्हणता येतंय, मला आत्ता जमलं.

मिस्त्री : मी... ते... पिल्लं कुठे ठेवू?

छोट्या : झाडाखाली ठेवा. आणि मिस्त्री, नवा पत्रा नको. सगळं काढा. वाशांपर्यंत.

अप्पा : डोकं फिरलंय का? संध्याकाळी ती येतेय! उघडं घर बघेल आणि मशीन उचलेल!

छोट्या : उचलू दे.

अप्पा : अरे, एक दिवसाचा प्रश्न आहे! एकदा घरात येऊ दे तिला!

छोट्या : तुमचे सगळे एकेक दिवसाचेच होते, अप्पा. मिस्त्री, पहार मारा. ...हॅलो? हां, मीच. निघालीस का? ऐक ना. छप्पर नाही झालं. ...नाही, पत्रे आणलेत, चढवले नाहीत. सगळं काढतोय. ...हो, सगळं. गॅसच्या वर आत्ता आकाश आहे. ...नाही गं, थट्टा नाही करत. ...एक मिनिट, माझं होऊ दे. ती अळी वरून पडली होती. चहातलंही वरूनच यायचं. तू झाडत होतीस. नीट झाडत होतीस. मी तेव्हा मान डोलावली ना, ती चुकीच्या बाजूला डोलावली. ...हॅलो? ...आहेस का? ...हां. ...मशीन ने. मी पुसून ठेवतो, टेम्पोत पण मीच चढवतो. ...नाही, बाळाला आज आणू नकोस. इथे श्वास घेण्यासारखं नाहीये. ...मिस्त्री ओकला. ...हो, खरंच! ...हसतेस काय, सकाळी दोन कप चहा प्यायला होता त्याने. ...बरं. ...बरं, ये.

मिस्त्री : माझं कशाला सांगितलंत वहिनींना?

अप्पा : काय म्हणाली?

छोट्या : मशीन न्यायला येतेय.

अप्पा : बघ. सांगितलं होतं मी.

छोट्या : पत्रे चढले की परत आणायचं की नाही ते तेव्हा ठरवते म्हणाली. आधी चढून बघणार आहे. स्वतः, शिडीवर.

अप्पा : आणि... मावशीला नको कळवूस इतक्यात. म्हातारी झालीय ती. उगाच. नंतर सांगू, जरा...

छोट्या : जरा काय?

अप्पा : काही नाही.

मिस्त्री : छोट्याभाऊ, हे पांघरूण कचऱ्यात टाकू ना? हाताला घाण येतीय.

छोट्या : नको. शिडीच्या बाजूला ठेवा. मावशीला दाखवायचंय.

अप्पा : असं? धुऊन तरी...

छोट्या : असंच.

मिस्त्री : अप्पा, शेवटचा पत्रा काढतोय. आता तरी खुर्ची हलवा. तिथे ऊन येईल.